अकरा जणींचा एकच जबाब

चार माणसांनी एकच गोष्ट एकाच धाटणीत सांगितली की ती पढवलेली, असं छातीठोकपणे म्हणणारे लोक मला अजूनही भेटतात. कोर्टाच्या आवारात भेटतात, कचेरीत भेटतात, परवा तर लग्नाच्या पंगतीत शेजारीच बसला होता एक. माझं डोकं फिरतं. मी त्यांना गोजरबाईची हकीकत ऐकवतो आणि ऐकून घ्यायची नसेल तर ताटावरून उठतो.

शेवगाव तालुक्यातल्या एका माळावर पाझर तलाव आहे. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दुष्काळी कामातून तो झाला. दुष्काळ बहात्तरचा म्हणतात, पण खरे हाल त्र्याहत्तरच्या चैत्र-वैशाखात झाले, हे ज्यांनी रेशनवरच्या मिलोची, त्या परदेशी ज्वारीची लाल भाकरी खाल्ली त्यांना सांगायला नको. त्या कामावर राहीबाई नावाची एक पोरगेलीशी बाई मातीखाली सापडली आणि जन्माची लंगडी झाली. ती स्वतःच्या चुकीने सापडली असं कागदावर चढणार होतं. ते चढलं नाही, आणि तिच्यामागून तिथे दुसरं कोणी गाडलंही गेलं नाही. हे दोन्ही गोजरबाईमुळे झालं. मी त्या कामावर मस्टर कारकून होतो, रोज हजेरी मांडायचो, म्हणून मला ठाऊक आहे. तलावावर पाटी लागली तेव्हा तिच्यावर भलत्यांचीच नावं आली.

गोजरबाई तेव्हा पस्तिशीची असेल. माहेर पारनेरकडचं, कोरडवाहू. बाराव्या वर्षी लग्न होऊन इकडे आली. नवरा सहादेव, अबोल माणूस. दिवसातून चार शब्द बोलायचा आणि त्यातले दोन बैलांशी. त्यांची विहिरीखाली अर्धा एकर जमीन होती. सहादेव माळवं पिकवायचा आणि गोजरबाई ते शेवगावच्या बाजारात नेऊन विकायची. मेथी, शेपू, वांगी, कधी गवार. चौदा वर्षं ती त्या बाजारात एकाच जागी बसली. मग विहीर आटली, बैल गेले, आणि नवराबायको दोघं आमच्या कामावर आले. सहादेव भिंतीवर दगड लावायला आणि गोजरबाई मातीच्या टोळीत.

तोंडाने फटकळ होती. आवाज असा की खड्ड्यातून बोलली तरी भिंतीवर ऐकू यावं. मुकादम तिला फाटक्या तोंडाची म्हणायचा. पण ती नुसती बोलणारी नव्हती, ऐकणारी होती, आणि हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या तर मुळीच नाही. मी बावीस वर्षांचा, मॅट्रिक पास, नगरहून आलेला, इस्त्रीचा शर्ट घालून धुळीत बसणारा.

एक दिवस दुपारच्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली की भाऊसाहेब, तुम्ही रोज सकाळी नाव घेऊन ‘आली का’ म्हणता आणि सगळ्याजणी ‘आले’ म्हणतात. उद्या ‘कशी हायेस’ म्हणा आणि काय होतं ते बघा. मला वाटलं बाई चेष्टा करतेय. पण दुसऱ्या दिवशी मी खरंच तसं केलं. पहिली म्हणाली, बरी हाय. दुसरी म्हणाली, बरी हाय. तिसरी, चौथी, दहावी, सगळ्या बरी हाय. भागूबाईच्या घरात तीन दिवसांपूर्वी मयत झाली होती, तिचा पाच महिन्यांचा नातू गेला होता. तीही म्हणाली, बरी हाय, आणि पाटी घेऊन पुढे गेली.

दुपारी मी गोजरबाईला विचारलं, हे असं कसं. तेव्हा तिने सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगायला गेलो तर त्याची वाट लागेल.

“भाऊसाहेब, बोलायला बी बळ लागतंय. फुडल्या बाईनं गवतातून वाट पाडली की मागलीचा पाय आपसूक तिच वाटंनं पडतो. भागूबाईला नवी वाट पाडायला कुटलं आलंय बळ? म्हनून काय ती खोटं बोलली न्हाई. तिला कुनी इचारलंच न्हाई.”

बाजारात चौदा वर्षं ती हेच बघत आली होती. गिऱ्हाइकाला ‘काय घेता’ म्हटलं की ते ‘बघतो’ म्हणून पुढे जातं. ‘मेथी घेता का शेपू घेता’ म्हटलं की ते ‘शेपू घेतो’ म्हणतं आणि पिशवी उघडतं. माणूस समोरच्याने उच्चारलेलं वाक्य उचलतो, त्यातला एखादा शब्द बदलतो आणि परत करतो. नवराबायको भांडतानासुद्धा एकमेकांची वाक्यं उचलून एकमेकांना मारतात, असं ती म्हणाली आणि हसली. सहादेव भांडत नसल्याने तिला हे शेजारच्या घरातून कळलं होतं.

मला हे सगळं गमतीचं वाटलं. पंधरा दिवसांनी ते गमतीचं राहिलं नाही.

तलावाच्या भिंतीला लागणारी माती जिथून काढत होते तिथे एक मोठा खड्डा झाला होता, दोन पुरुष खोल. त्याच्या कडेची दरड खरं तर वरून पायऱ्या पायऱ्यांनी उतरवायची असते. मुकादम रखमाजीला तेवढा दम नव्हता. तो बायकांना खाली बसवून दरडीचं बूड कोरायला लावायचा. बूड पोकळ झालं की वरची माती आपोआप ढासळते, कुदळी कमी माराव्या लागतात, आणि मोजमापाला साहेब आला की ढीग मोठा दिसतो. ढासळायच्या आधी बायकांनी बाजूला पळायचं. रोज पळत होत्या. मी रोज बघत होतो. रखमाजीचं ‘खाली बसा, बूड कोरा’ माझ्या टेबलापर्यंत ऐकू यायचं आणि मी मस्टरात मान घालून बसायचो, हेही सांगून टाकतो.

त्या दिवशी राहीबाईला पळायला जमलं नाही. दरड बसली ती तिच्या कमरेपर्यंत. गोजरबाई आणि बनुबाईने हातांनी माती उपसून तिला बाहेर काढलं. ही बनुबाई बौद्धवाड्यातली, एरवी कोणाशी फार न बोलणारी. राहीबाईचा डावा पाय मांडीपासून मोडला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तिला नगरच्या दवाखान्यात नेलं.

संध्याकाळपर्यंत रखमाजीने सांगायला सुरुवात केली होती की बाई मिश्री लावायला सावलीला दरडीखाली बसली होती, आपण तिला हटकलंही होतं. हे मान्य झालं असतं तर राहीबाईचा दवाखाना सरकारने केला नसता, तिचं नाव कामावरून निघालं असतं, आणि उरलेल्या अकरा जणी परत त्याच दरडीखाली बसल्या असत्या. दरड तर अजून अर्धी उभीच होती, चौकशी होईपर्यंत तिथलं काम तेवढं थांबलं होतं. गोजरबाईने अकरा जणींचे अंगठे घेऊन अर्ज केला. तो मीच लिहून दिला, आणि खाली माझं नाव येणार नाही याची काळजी घेतली.

आठव्या दिवशी खात्याचे एक साहेब जीपने चौकशीला आले. माणूस दुष्ट नव्हता. घाईत होता. सरकारी घाईने जेवढी माणसं मेली आहेत तेवढी दुष्टाव्याने मेली नसतील असं माझं मत आहे. त्यांनी अर्जावरूनच तीन प्रश्न कागदावर उतरवले होते. बायकांना उन्हात ओळीने उभं केलं, एकीच्या मागे एक, आणि पहिलीला विचारलं, तुम्हाला दरडीखाली कोणी बसवलं, कशासाठी बसवलं, कधीपर्यंत बसवलं.

पहिली गोजरबाईच होती. ती म्हणाली, “आमाला दरडीखाली मुकादमानं बसवलं, माती काढायला बसवलं, ऊन डोक्यावर येस्तवर बसवलं.”

मी लिहून घेतलं. साहेबांनी दुसरीला तेच कागदावरून विचारलं. तिने मागे उभं राहून पहिलीचं ऐकलेलं होतंच. तीही म्हणाली, मुकादमानं बसवलं, माती काढायला बसवलं, ऊन डोक्यावर येस्तवर बसवलं. तिसरीने तेच सांगितलं, चौथीनेही तेच. सातवीला माझ्या पेनाने तिचं वाक्य तिच्या आधीच पुरं केलं. म्हणजे त्या एकसारख्या जबाबांत साहेबांचा हात होता, बायकांचा होता आणि माझाही होता. अकरा जबाब झाले तेव्हा साहेब जेवायला उठले.

जेवणानंतर रखमाजीची आणि त्याच्या चार माणसांची पाळी आली. ते कोठीच्या सावलीत घोंगडीवर बसले, चहा आला. साहेबांनी कागद बाजूला ठेवला होता. म्हणाले, “हं, बोला, कसं काय झालं?” मग काय, पाचही जण सुटले. एकाने सांगितलं राहीबाई मिश्री लावत होती. दुसरा म्हणाला, लावून झाली होती, डोळा लागला होता. तिसऱ्याच्या मते ती केसांतून पडलेला आकडा शोधायला वाकली होती. चौथ्याने तिला पाहिलंच नव्हतं, पण तिचा स्वभाव त्याला माहीत होता. एकाचं दुसऱ्याशी जुळेना आणि साहेब मान डोलवत होते.

चार वाजता त्यांनी सगळ्यांना बोलावून निकाल सांगितला. पुरुषांनी आपापलं पाहिलेलं आपापल्या शब्दांत सांगितलं आहे, त्यामुळे ते विश्वास ठेवण्यासारखं आहे. बायकांचे जबाब मात्र शब्दाला शब्द सारखे आहेत. “अकरा बाया आणि एकच तोंड. हे पढवलेले जबाब आहेत,” असं म्हणून त्यांनी मला तसा शेरा लिहायला सांगितला.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. भागूबाई तर खरंच घाबरली, आपल्या हातून काही गुन्हा झाला की काय असं तिचं तोंड झालं होतं. मला राग आला होता, पण तो राग शर्टाच्या आत होता आणि शर्ट इस्त्रीचा होता. मी पेन उघडलं.

गोजरबाई पुढे आली. पदर खोचलेला, कपाळावर माती. मला वाटलं आता आरडाओरडा करणार. तिने साहेबांना जेवणाचं विचारलं. पाहुण्याला जेवणाचं विचारणं ही आपल्याकडची रीत, त्यात कोणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं.

“साहेब, जेवान कुटं केलं, कुनी वाढलं, काय वाढलं?”

साहेब चष्मा पुसत होते. म्हणाले, “जेवण इथंच केलं, मुकादमांनी वाढलं, पिठलं-भाकरी वाढली.”

ती वळली. जीपला टेकून ड्रायव्हर छगन उभा होता. त्याला तिने तेच विचारलं, त्याच चालीत. छगन म्हणाला, “जेवान हितंच केलं, मुकादमानं वाढलं, पिठलं-भाकरी वाढली.”

मग तिने माझ्याकडे बघितलं. मी शिकलेला माणूस, तीन आठवड्यांपूर्वी हिनेच मला हे सगळं समजावून सांगितलेलं, आणि तरी माझं तोंड उघडलं. जेवण इथंच केलं, म्हणालो. तिथे माझ्या लक्षात आलं. पण वाक्य सुरू झालं होतं आणि ते मला थांबवेना. मुकादमानं वाढलं, पिठलं-भाकरी वाढली.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. पिठलं-भाकरीतली भाकरी पांढऱ्या ज्वारीची होती हे त्या माळावरच्या प्रत्येकाला वासावरून कळलेलं होतं. गोजरबाई साहेबांशीच बोलली, आवाज न चढवता.

“तिगं जेवले, तिगांनी येकच सांगितलं. तुमाला कुनी पढवलं, साहेब?”

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“कुनीच न्हाई पढवलं. तुमी तिगंबी खरं बोलला. मी जसं इचारलं तसं तुमी सांगितलं. आमीबी तेच केलं. आमाला उनात उभं केलं अन् कागदावरनं इचारलं. त्यास्नी घोंगडीवर बसवलं अन् च्या पाजून इचारलं. आता आमच्यातली येक येक बाई निराळी बसवा, ‘काय झालं’ म्हना, अन् गप ऱ्हावा. अकरा बाया अकरा तऱ्हंनं सांगतील. पर बसवनारा येकच निगंल.”

साहेबांचे कान लाल झाले. बाईने मर्यादेत राहावं असं काहीतरी ते पुटपुटले, कागद गोळा केले आणि जीपमध्ये बसले. शेरा लिहायचा राहिला होता. जाताना म्हणाले, विचार करून कळवतो. जीपची धूळ बसेपर्यंत रखमाजी हसत होता.

आणि त्याने हसणं साहजिक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नेहमीसारखं, कालचा दिवस झालाच नाही अशा थाटात, बायकांना सांगितलं, खाली बसा, बूड कोरा. वर अर्धी दरड लोंबत होती. रात्रीत तिला एक चीर गेली होती, मनगट आत जाईल एवढी.

गोजरबाई जागची हलली नाही. म्हणाली, “मी न्हाई बसायची.”

रखमाजीने दुसरीकडे बोट केलं. ती बनुबाई होती. पिंपावर पाणी घेताना सगळ्यांच्या मागे वेगळी उभी राहणारी, आणि आम्ही तिला तशी उभी ठेवत होतो. ती गोजरबाईच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. म्हणाली, “मी न्हाई बसायची.”

मग भागूबाई, बरी हाय म्हणणारी भागूबाई. “मी न्हाई बसायची.” पुढची तेच म्हणाली, तिच्या पुढचीही तेच. अकरा वेळा ते वाक्य त्या खड्ड्यात उमटलं. आदल्या दिवशी त्याच बायकांचं एकसारखं बोलणं त्यांच्या अंगाशी आलं होतं. आज एकसारखं बोलल्यामुळेच रखमाजीला कुठून सुरुवात करावी ते कळेना. एकीला धरावं तर तेच वाक्य दुसरीच्या तोंडात.

तो माझ्याकडे फिरला. म्हणाला, कारकून, अकराही जणींची गैरहजेरी मांडा, काम नाकारलं म्हणून, आणि त्या राहीचं नाव पण आजच काटून टाका. माझ्यापुढे मस्टर उघडं होतं. घरी आई होती, दोन बहिणी होत्या, नोकरी तात्पुरती होती. मी हे सगळं आठवत होतो आणि तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं.

“मी नाही मांडायचा.”

मी ठरवलं नव्हतं. गोजरबाईने तर माझ्याकडे बघितलंही नव्हतं. तुम्हालाही तिनेच शिकवलं का, असं रखमाजी ओरडला.

तोवर गोजरबाईने कुदळ उचलली होती. ती खड्ड्याच्या कडेने वळसा घालून दरडीच्या माथ्यावर गेली, चिरेपासून चार हात मागे उभी राहिली आणि वरून पहिली पायरी पाडायला लागली. तिच्यामागे बनुबाई गेली, मग बाकीच्या. भिंतीवर दगड लावणारा सहादेव हातातलं काम टाकून पहार घेऊन आला आणि न बोलता बायकोच्या शेजारी उभा राहिला. तासाभरात ती लोंबती दरड रिकाम्या खड्ड्यात खाली आली. कोणाच्या अंगावर एक ढेकूळसुद्धा पडलं नाही.

काम चालू होतं, म्हणून मी हजेरी मांडली. गोजरबाई हजर. बनुबाई हजर. भागूबाई हजर. अकराही नावं झाली आणि पेन राहीबाईच्या नावावर आलं. तिच्या नावापुढे आठ दिवस मी रकाना कोरा सोडत होतो. ज्याने रोज सगळं पाहिलं होतं, रोज ऐकलं होतं, त्याला साहेबांनी काही विचारलं नव्हतं आणि त्यानेही आपण होऊन तोंड उघडलं नव्हतं. मस्टरात ओळीच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. चौकशीचे कागद साहेब घेऊन गेले होते, पण मस्टर माझ्यापाशी होतं, आणि मस्टरातलं पान कोणाला फाडता येत नाही.

मी आधी माझ्या शब्दांत लिहायला गेलो. पण दुसरे शब्द सुचेनात, आणि मग मी ते शोधायचे सोडून दिले. लिहिलं : राहीबाईला दरडीखाली मुकादमाने बसवलं, माती काढायला बसवलं, ऊन डोक्यावर येईपर्यंत बसवलं. मी स्वतः पाहिलं.

खाली पूर्ण नाव घालून सही केली.